केरिसनच्या कुरणातले खड्डे

दारावर थाप पडली तेव्हा हर्बर्ट डॅक चहात बिस्किट बुडवत होता. दार उघडून परत येईपर्यंत त्या बिस्किटाचा तळाशी लगदा झाला, आणि केवळ एवढ्या एका कारणावरून आलेला म्हातारा त्याच्या मनातून उतरला.

म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली. त्याच्या गुडघ्यांवर चिखल होता, नखांतही चिखल होता.

"मिस लार्टर इथेच बसतात ना? चोऱ्या शोधून काढणाऱ्या?"

"बसतात," खिडकीजवळून आवाज आला. "तुम्हीही बसा. काय चोरीला गेलं?"

"माझं काही नाही गेलं. चोरी मी केली असं गाव म्हणतंय."

मिस लार्टरनी वर्तमानपत्राची घडी घातली. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात बाईंचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता नॉरिचमध्ये, जोडे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, त्यांची स्वतःची कचेरी होती. डॅक हा निवृत्त बसचालक. बाईंची गाडी चालवायची आणि जमेल तेवढा विचार करायचा, हे त्याचं काम. गाडी तो उत्तम चालवायचा.

"मी विल्फ्रेड मेस, थिकलिंगहॅमचा," म्हातारा म्हणाला. "रविवारी यंत्र घेऊन शेतं धुंडाळतो. जमिनीत धातू असला की यंत्र ओरडतं. बायको होती तेव्हा ती हसायची. आता घरात हसायलाही कुणी नाही, म्हणून जास्तच धुंडाळतो."

डॅकला ही जमात ठाऊक होती. नॉरफोक जिल्ह्याच्या दर दुसऱ्या शेतात कानाला हेडफोन लावून, माना खाली घालून, माती उकरणाऱ्या कोंबड्यांसारखे फिरणारे हे लोक.

"गेल्या रविवारी टॉम केरिसनच्या कुरणात आमच्या मंडळाची फेरी होती. मला चांदीची नाणी लागली. तीन. इसेनी टोळीची, रोमन लोक यायच्याही आधीची, एका अंगाला घोडा. आणि खाली आणखी आहेत हे यंत्र बोंबलून सांगत होतं."

"मग?"

"मग काय, थांबलो. एकाहून जास्त निघाली म्हणजे तो ठेवा. हात काढून घ्यायचा, माती परत लोटायची, आणि जिल्ह्याच्या पुरातत्त्ववाल्या बाईंना कळवायचं. निम्मं शेतमालकाचं, निम्मं सापडणाऱ्याचं, पण आधी त्यांनी पाहायचं. त्या बुधवारी यायच्या होत्या. मंगळवारी रात्री कुणीतरी कुरणभर खड्डे पाडून सगळं उचलून नेलं."

"जागा कुणाकुणाला माहीत होती?"

"टॉमला, शेत त्याचं. आणि नेव्हिल हाऊसला. तो मंडळाचा अध्यक्ष, त्याला सांगावंच लागतं. बस."

मिस लार्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. म्हाताऱ्याच्या हातातली टोपी गोल गोल फिरू लागली.

"आणि सोमवारी स्टॅनर्डला नाण्याचा फोटो दाखवला. नाण्यांचा व्यापारी आहे तो. घोडा कुठल्या काळचा एवढंच विचारायला गेलो होतो. जागा नाही सांगितली, देवाशपथ!"

डॅकने भुवई उंचावली. ज्या माणसाला काही विकायचं नाही तो व्यापाऱ्याच्या दुकानात कशाला जाईल?

"तिथून निघताना तुम्हाला कुणी पाहिलं?" बाईंनी विचारलं.

"नेव्हिलने. त्याच्या तोंडून ते टॉमला कळलं. मग टॉम पबमध्ये सगळ्यांसमोर ओरडला, की मी जागा विकली आणि स्टॅनर्डने निशाचर पाठवले." रात्रीच्या अंधारात यंत्रं घेऊन परक्या शेतात घुसणाऱ्यांना तिकडे निशाचर म्हणतात, आणि ती शिवी चोराहून वाईट समजतात. "शनिवारी सभा आहे. मला मंडळातून काढणार. एकदा काढलं की जिल्ह्यातलं एक फाटक मला उघडायचं नाही. बाई, मला चांदी नको. माझं नाव तेवढं परत मिळवून द्या."

"खोटं बोलत नसाल तर मिळेल," मिस लार्टर म्हणाल्या. "तुमचं यंत्र कुठंय?"

यंत्र त्याच्या गाडीत होतं. जुनाट, दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेलं.

"लोखंडापुरतं मी त्याला मुकं करून ठेवलंय," विल्फ्रेड म्हणाला. "नाहीतर पावला-पावलाला खिळा ओरडतो, आणि दर खिळ्यामागे खाली बसायला माझे गुडघे काय सरकारी आहेत? आता तर ते बटणही गंजून तिथंच बसलंय."

बाईंनी बटण फिरवून पाहिलं. ते हललं नाही. मग त्यांनी यंत्र सुरू करून लोखंडी कठड्यापाशी नेलं. यंत्र गप्प. बोटातली चांदीची अंगठी जवळ नेली, तशी त्याने किंकाळी फोडली.

"चला डॅक," त्या म्हणाल्या. "चहा तिकडेच घेऊ."

टॉम केरिसन फाटकातच उभा होता. दांडगा गडी, लालबुंद चेहरा. विल्फ्रेडला पाहून तो आणखी लाल झाला.

"ह्याला कशाला आणलंत? ह्याने पुन्हा पाऊल टाकलं ना माझ्या शेतात, तर मी कुत्रा सोडीन!"

"टॉम, अरे, तुझ्या लग्नात मी तुझा—"

"ते काढू नकोस!"

"कुत्रा नंतर सोडा," मिस लार्टर म्हणाल्या. "आधी खड्डे दाखवा."

विल्फ्रेडला गाडीत बसवून तिघं कुरणात गेले. हिरव्या गवतात जागोजाग राखाडी तोंडं उघडी पडली होती. ओकच्या झाडाजवळचा खड्डा सगळ्यांत मोठा, नाणी तिथली. बाकीचे खड्डे लहान होते आणि कसेही विखुरलेले होते.

"उजवीकडे खणलंय, डावीकडे खणलंय, मग ओकपाशी," डॅक म्हणाला. "म्हणजे नेमकी जागा त्यांना ठाऊक नव्हती."

"किंवा ठाऊक नव्हती असं आपल्याला वाटावं," बाई म्हणाल्या. "केरिसन, निशाचर पूर्वी कधी आले होते?"

"मागे एकदा, वरच्या शेतात. काय घाण करून गेले म्हणून सांगू! खड्ड्याखड्ड्यापाशी खिळे, काडतुसांच्या टोप्या, डबे. एका मेंढीचा पाय कापला. ह्या वेळी त्या मानाने बरं. नुसतेच खड्डे."

मिस लार्टर सरळ चिखलात गुडघे टेकून बसल्या. एकेका खड्ड्यात त्या डोकं घालून पाहू लागल्या, आणि डॅक त्यांच्या कोटाची काळजी करत उभा राहिला. बऱ्याच खड्ड्यांच्या तळाशी, त्या राखाडी चिकणमातीत, तांबूस डाग होते. एकात लांबट, एकात गोल. फाटकाजवळच्या खड्ड्यात तर घोड्याच्या नालाचा गंजाळलेला ठसा जसाच्या तसा उमटला होता. फक्त त्याचा एक पाय अर्ध्यातच तुटलेला होता.

"डॅक, कुंपणाच्या कडेने एक चक्कर मारा. चरही पाहा. लोखंड कुठे फेकलेलं दिसतंय का?"

डॅक चिखल तुडवत गेला आणि तोंड वाकडं करून परत आला. "एक मेलेला ससा. बाकी काही नाही."

"केरिसन, हे खड्डे तुम्ही पाडले असते तर निघालेलं लोखंड कुठे टाकलं असतं?"

"कुंपणात. आणखी कुठे?" मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, माझ्याच शेतात मी कशाला चोरी करू?"

"निम्म्याऐवजी सगळं मिळावं म्हणून."

"माझ्याकडे ते यंत्र तरी आहे का? मला त्यातलं ओ का ठो कळत नाही!"

"तेही खरं," बाई म्हणाल्या, आणि डॅकला त्यांनी गावात प्लॅस्टर आणायला पिटाळलं. ते नालाच्या ठशात ओतून वाळेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. एका गंजक्या नालाचे एवढे लाड कशासाठी, हे डॅकला कळेना. निशाचर आले, खणलं, गेले. त्यांना धाडणारा एकच, स्टॅनर्ड. आणि स्टॅनर्डला सांगणारा गाडीत बसून केविलवाणा चेहरा करून वाट पाहत होता.

स्टॅनर्डचं दुकान बाजारपेठेत होतं. माणूस इतका लठ्ठ, की उंच खुर्चीतून तो उठला नाही. शेजारी दोन कुबड्या टेकवलेल्या होत्या.

"विकणं गुन्हा आहे का, बाई?" तो म्हणाला. "कुणी नाणं आणतो, म्हणतो आजोबांचं आहे. मी काय आजोबांचं नाव विचारू?"

"विचारावं."

"मग आजोबा शेजारच्या दुकानात जातील. लोकांना विकायचंय, लोकांना घ्यायचंय, मी मध्ये बसलोय."

"आणि ते कुठल्या मातीतून निघालं?"

"ते नाण्यावर लिहिलेलं नसतं. चकचकीत करून आणलंत तर भाव बरा येतो, माती लागलेली असली तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. मला एवढंच कळतं."

"विल्फ्रेड मेसने भाव विचारला?"

स्टॅनर्डचा चेहरा आंबट झाला. "तेच तर! असला घोडा दाखवला की माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि वर म्हणतो विकायचा नाही. मी म्हटलं, म्हाताऱ्या, सरकारच्या काचेच्या पेटीत ठेवून कोण बघणार आहे तुझा घोडा? तर मलाच अक्कल शिकवून गेला."

"कुठे सापडला ते सांगितलं?"

"नाही. पण तो कुठे कुठे फिरतो ते गावाला ठाऊक आहे. बाई, तुमच्या मनात काय आहे ते कळतंय मला. मी कुणाला पाठवलं नाही. मला पाठवायची गरजच पडत नाही, लोक आपणहून येतात."

बाहेर पडल्यावर डॅक म्हणाला, "हाच."

"माणूस वाईट आहे," मिस लार्टर म्हणाल्या. "पण वाईट असण्याला शिक्षा नाही, डॅक. नाहीतर तुरुंग पुरले नसते."

नेव्हिल हाऊस गळ्याला मफलर गुंडाळून दारात आला. पूर्वी बँकेत होता. अंगणातल्या कुंड्यासुद्धा ओळीत मांडलेल्या. त्याने दोघांना गॅरेजमध्ये नेलं, शेगडी लावली आणि खोकला.

"छाती भरलीय. रविवारची फेरी झाल्यापासून यंत्राला हात लावलेला नाही. विल्फ्रेडचं फार वाईट वाटतं हो. पण नियम म्हणजे नियम. व्यापाऱ्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवलाच कशाला?"

"तुम्ही स्वतः कधी काही विकलंत?"

"मी?" नेव्हिल दुखावला. "आमचं हे पवित्र काम आहे. शेत आपल्याला विश्वासाने दिलेलं असतं. या, दाखवतो."

भिंतीलगत बादल्या मांडल्या होत्या. प्रत्येक शेताची वेगळी, वर मालकाचं नाव रंगवलेलं. केरिसनची काठोकाठ भरलेली.

"इतर लोक लोखंडाला यंत्र मुकं करतात. आळशीपणा! माझं यंत्र जे जे बोलतं ते ते मी काढतो. खिळा असो, पत्रा असो, काढला की कमरेच्या पिशवीत. पुन्हा शेतात टाकणं नाही. मेंढीच्या पायात जातं, ट्रॅक्टरच्या चाकात जातं. नव्या मुलांना मी पहिलं हेच शिकवतो. आता तर इतकं अंगवळणी पडलंय की रस्त्यातला खिळाही उचलतो."

"केरिसनचं कुरण तुम्हीच साफ केलंत?"

"तीन हिवाळे. एकट्याने. अजून थोडं उरलंय."

"काय मिळालं?"

"हेच की," नेव्हिल बादलीकडे पाहत म्हणाला. "खिळे, कड्या, नाल. आणि समाधान." मग म्हणाला, "विल्फ्रेड तिथे पहिल्यांदाच आला होता. आला, दोन चकरा मारल्या, आणि—" पुढचं त्याने खोकल्यात घालवलं.

ह्याच वेळी मागे सरकताना डॅकची लाथ केरिसनच्या बादलीला लागली. वरचं लोखंड खडखडाट करत फरशीवर पसरलं. ओशाळून तो ते गोळा करू लागला: बिजागरी, साखळीचे दुवे, एक नाल, मूठभर खिळे. सगळं भरून झाल्यावर विजारीला पाहतो तर ओल्या राखाडी मातीचे पट्टे.

"नवी विजार," तो कुरकुरला.

मिस लार्टरनी विजारीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या.

"हाऊस, शनिवारी ही बादली सभेत आणा," त्या म्हणाल्या. "विल्फ्रेडवर निकाल द्यायच्या आधी शेत कसं राखायचं हे लोकांनी डोळ्यांनी पाहावं."

नेव्हिलचा चेहरा खुलला. "कल्पना छान आहे."

परतताना डॅकने गाडी जरा जोरातच चालवली. अशिलाच्या बाजूने काही म्हणता काही मिळालं नव्हतं, आणि बाई शीळ घालत होत्या.

शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये सगळं मंडळ जमलं. नेव्हिल टेबलामागे, टेबलावर बादली. केरिसन हाताची घडी घालून भिंतीला टेकलेला. जिल्ह्याच्या पुरातत्त्ववाल्या बाई कोपऱ्यात. विल्फ्रेड मधल्या रांगेत एकटाच. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या होत्या. डॅकला स्वतःच्याही नकळत त्याची कीव आली, आणि तो जाऊन त्यातल्या एकीवर बसला.

"निकालाआधी मला थोडं बोलू द्या," मिस लार्टर उठल्या. "निशाचर शेत कसं सोडून जातात?"

"उकिरडा करून!" मागून कुणीतरी म्हणालं.

"बरोबर. त्यांना चांदी हवी असते. निघालेला खिळा ते तिथंच टाकतात. पण केरिसनच्या कुरणात खड्ड्यांपाशी एक टाचणी नव्हती. कदाचित खड्ड्यांतून काही निघालंच नसेल? तसंही नाही. तळाशी गंजाचे डाग होते. प्रत्येक डागाच्या जागी लोखंड होतं आणि कुणीतरी ते काढलं. कुंपणात नाही, चरात नाही. म्हणजे ते बरोबर नेलं. चांदी चोरायला आलेला माणूस, अंधारात, घाईत, गंजके खिळे पिशवीत घालून घरी नेतो. का?"

मागच्या रांगेतले दोघंतिघं पुढे वाकले.

"कारण त्याला भान नव्हतं. निशाचरांचं सोंग घ्यायला त्याने खड्डे उघडे टाकले, ते त्याच्या जिवावर आलं असेल. पण लोखंड मात्र हाताने आपोआप उचललं. स्टॅनर्डची माणसं असती तर असं वागली नसती. केरिसनने ते कुंपणात भिरकावलं असतं. ही खोड फक्त तुम्हा मंडळींची. आणि मंडळातल्या दोघांनाच जागा ठाऊक होती."

सगळ्या माना विल्फ्रेडकडे वळल्या. बाईंनी अशिलालाच फासावर चढवलं की काय?

"विल्फ्रेड मेस," बाई पुढे म्हणाल्या, "हा खोड असलेला माणूस. पण त्याचं यंत्र लोखंडाला बहिरं आहे. बटण गंजलंय, मी स्वतः पाहिलं. त्या यंत्राने तो गवताखालचा नाल शोधू शकला नसता. दुसऱ्याचं यंत्र लोखंडाचा कण सोडत नाही, हे तो स्वतःच अभिमानाने सांगतो. त्याने सांगितलं की रविवारपासून यंत्राला हात लावलेला नाही. मग शेगडीजवळच्या त्याच्या बादलीत वर वर पडलेलं लोखंड इतकं ओलं कसं, की डॅकची नवी विजार खराब व्हावी?"

त्यांनी पिशवीतून प्लॅस्टरचा साचा काढून टेबलावर ठेवला. नालाचा आकार, एक पाय अर्ध्यात तुटलेला. मग बादलीत हात घातला, वरचे खिळे बाजूला सारले आणि नाल काढून त्या साच्यावर धरला. तुटक्या पायावर तुटका पाय बरोबर बसला.

"हा ठसा मंगळवारी रात्री पाडलेल्या खड्ड्यातला. नाल तुमच्या बादलीतला, हाऊस."

नेव्हिलने नालाकडे पाहिलं. त्याला चोरी पकडली गेल्याचं दुःख होतं की स्वतःच्या शिस्तीने दगा दिल्याचं, डॅकला सांगता आलं नसतं.

"माझं होतं ते," नेव्हिल म्हणाला. आवाज चढत गेला. "तीन हिवाळे मी गारठ्यात तिथे खिळे वेचले! लोखंडाच्या गोंगाटात चांदी ऐकू येत नाही. तो गोंगाट मी काढला, म्हणून त्याच्या त्या भंगार यंत्राला ऐकू आलं. आणि नाव कुणाचं? त्याचं! ठेवा कुणाचा? त्याचा! मला काय, तर बादली!"

"नाणी कुठंयत?" केरिसन गरजला.

"घरी. विकली नाहीत अजून. धुऊन, घासून ठेवलीत."

"घासलीत?" कोपऱ्यातल्या पुरातत्त्ववाल्या बाई उठून उभ्या राहिल्या. "कशात होती ती? मडक्यात? चामड्याच्या पिशवीत?"

"काहीतरी फुटलं फावड्याखाली," नेव्हिल पुटपुटला. "अंधार होता."

त्या मटकन खाली बसल्या. ती नाणी कुणी पुरली, कशात पुरली, कशाच्या भीतीने पुरली, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

केरिसन खुर्च्या ओलांडत विल्फ्रेडपाशी आला. त्याचा चेहरा आता रागाने लाल नव्हता. "विल्फ्रेड, मी गाढव आहे," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "पबमध्ये बोललो ते खोटं होतं. तू चोर नाहीस. आज तिथेही जाऊन हेच सांगतो."

"सांग," विल्फ्रेड म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, पण तो केरिसनकडे पाहत नव्हता. उठून तो टेबलापाशी गेला.

"नेव्हिल, सोमवारी मी ह्या पुरातत्त्ववाल्या बाईंना फोन केला तेव्हा काय सांगितलं, ठाऊक आहे?"

नेव्हिलने मान वर केली नाही.

"हे शेत नेव्हिल हाऊसने साफ केलं, असं सांगितलं. त्याच्याशिवाय माझ्या यंत्राला ढिम्म ऐकू आलं नसतं, तेव्हा सापडणारे आम्ही दोघं आहोत, निम्मं-निम्मं, असंच लिहा म्हटलं. विचार त्यांना."

पुरातत्त्ववाल्या बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"मला का नाही सांगितलंस?" नेव्हिलने विचारलं.

"बुधवारी सांगणार होतो. नाणी वर निघाल्यावर, तुझ्या हातात देऊन."

नेव्हिल खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. विल्फ्रेड थोडा वेळ त्याच्यापाशी उभा राहिला. मग त्याने टोपी घातली आणि तो केरिसनबरोबर बाहेर पडला.